हृदयाचा हाय-फ्रेमरेट इको: मुलांचा आणि मोठ्यांचा, सेटिंगपासून साठवणीपर्यंत

शरीरातल्या मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. यंत्र कितीही महागडे असो, हा आकडा बदलत नाही, आणि हृदयाच्या इकोत, म्हणजे अल्ट्रासाउंड तपासणीत, फ्रेमरेटचा (सेकंदाला किती चित्रे मिळतात याचा) सगळा हिशेब इथूनच सुरू होतो. १५ सेंमी खोल जाऊन परत यायला ध्वनीला १९५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५१०० पल्स (ध्वनीचे छोटे स्पंद) सोडता येतात. नेहमीच्या पद्धतीत एक पल्स म्हणजे चित्रातली एक रेघ. शंभर रेघांचे चित्र हवे असेल तर सेकंदाला ५१ फ्रेम मिळणार, त्याहून अधिक नाही. लहान मुलाचे हृदय ८ सेंमीत मावते. तिथे हीच मर्यादा ९६०० पल्सपर्यंत जाते.

खिशात एवढ्याच पल्स आहेत. त्या रेघांवर खर्च करायच्या, की चित्राच्या स्वच्छतेवर, की फ्रेमच्या संख्येवर, हे ठरवायचे असते. एकीकडे वाढवले की दुसरीकडे कमी पडते. त्यामुळे प्रोब (छातीवर टेकवायचे उपकरण) हातात घेण्याआधी ‘मला नेमके काय पाहायचे आहे आणि ते किती वेळ टिकते?’ हा प्रश्न सोडवावा.

किती फ्रेम हव्यात, हे आधी ठरवा

मिनिटाला ६० ठोके असलेल्या प्रौढात एक हृदयचक्र १००० मिलिसेकंदांचे असते. ६० फ्रेमच्या वेगाने त्याची ६० चित्रे मिळतात. नवजात बाळाचे ठोके १५० असतील तर चक्र ४०० मिलिसेकंदांत उरकते आणि त्याच सेटिंगवर जेमतेम २४ चित्रे हाती लागतात. प्रौढांचा प्रीसेट (यंत्रातले आधीच ठरवलेले सेटिंग) तसाच ठेवून बाळाचा इको केला की ही चूक होते. पडद्यावर चित्र देखणे दिसते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्पेकल ट्रॅकिंगने (चित्रातल्या ठिपक्यांच्या नक्षीचा माग काढून) स्ट्रेन, म्हणजे स्नायूचे आकुंचन-प्रसरण, मोजायचा असेल तर प्रौढांत ५० ते ८० फ्रेम पुरतात. मुलांत ठोक्यांशी गुणोत्तर जुळवणे सोयीचे: मिनिटाच्या ठोक्यांना ०.७ ते ०.९ ने गुणा, तेवढे फ्रेम ठेवा. १५० ठोक्यांना १०५ ते १३५. यापेक्षा फ्रेम कमी पडले तर दोन चित्रांमध्ये ठिपक्यांची नक्षी इतकी बदलते की सॉफ्टवेअरची ओळख चुकते, आणि स्ट्रेन रेटचे (स्ट्रेन बदलण्याच्या वेगाचे) शिखर तर कापलेच जाते. उलट, गरज नसताना हजार फ्रेम घेतले तर दोन फ्रेममधली हालचाल ट्रॅकिंगच्या अचूकतेपेक्षाही लहान होते आणि आकड्यात गोंगाटच मोजला जातो. नेहमीच्या लाँगिट्यूडिनल (लांबीच्या दिशेच्या) स्ट्रेनसाठी हजार फ्रेमचा हट्ट धरू नये.

मायट्रल झडप (डाव्या खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी) मिटल्यापासून एओर्टिक झडप (महाधमनीकडची) उघडेपर्यंतचा टप्पा, म्हणजे आयसोव्हॉल्युमिक कॉन्ट्रॅक्शन, प्रौढात ५० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. ५० फ्रेमला त्यात दोन-तीन चित्रे येतात. त्यावरून ‘हालचाल आधी कुठे सुरू झाली’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे अंधारात तीर मारणे. इथे २०० फ्रेम तरी हवेत. झडप मिटल्यावर सेप्टममधून (हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्यातून) धावणारी शिअर वेव्ह, म्हणजे स्नायूतली आडवी लहर, पकडायची तर ५०० हा किमान आकडा, १००० बरा. प्रौढाच्या सेप्टमचा दिसणारा भाग ५ सेंमीचा आणि लहरीचा वेग सेकंदाला ४ मीटर धरला, तर ती साडेबारा मिलिसेकंदांत पार होते. ५० फ्रेमच्या चित्रात दोन फ्रेममध्येच २० मिलिसेकंदांचे अंतर असल्याने ती आली कधी आणि गेली कधी, पत्ताच लागत नाही.

एक जुनी गोष्ट मात्र विसरू नये. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये हृदयाचे पहिले अल्ट्रासाउंड आलेख घेतले. त्यातून पुढे आलेला एम-मोड सगळ्या पल्स एकाच रेघेवर सोडतो आणि सेकंदाला हजाराच्या वर नमुने सहज देतो. झडपेच्या पाकळीची थरथर किंवा एकाच भिंतीची वेळ पाहायची असेल तर तो आजही पुरेसा आहे. सारे काही दोन मितींत पाहायचा मोह झाला की पल्स उधळल्या जातात.

साध्या यंत्रावरच फ्रेम वाढवणे

खास यंत्र नसले तरी बरेच काही मिळवता येते. क्रम असा ठेवा.

१. खोली कमी करा. डाव्या व्हेंट्रिकलचाच (खालच्या कप्प्याचाच) प्रश्न असेल तर चित्र मायट्रल झडपेच्या जरासे खाली संपले तरी चालते. १६ सेंमीला सेकंदाला ४८०० पल्स मिळतात, १२ सेंमीला ६४००. ९० रेघांच्या चित्राचे फ्रेम ५३ वरून ७१ वर जातात.

२. सेक्टर (चित्राच्या पंख्याचा कोन) अरुंद करा. ७५ अंशांवरून ५० वर आणल्यास त्याच दाटीला ६० रेघा पुरतात आणि फ्रेम १०७ होतात. दोन पल्समध्ये यंत्राचा थोडा वेळ जातोच, त्यामुळे पडद्यावर आकडा याहून थोडा कमी दिसेल.

३. फोकस एकच ठेवा. दोन फोकस म्हणजे प्रत्येक रेघेला दोन पल्स, फ्रेम निम्मे.

४. पर्सिस्टन्स शून्यावर आणा. त्याने फ्रेमरेटचा आकडा कमी होत नाही, पण आधीचे फ्रेम पुढच्यात मिसळले जातात. १२० फ्रेम घेऊन त्यांची सरासरी पाहणे म्हणजे वेग विकत घेऊन फेकून देणे.

५. रेघांची दाटी सर्वांत शेवटी कमी करा. २० मिमी रुंदीच्या प्रोबचा २.५ मेगाहर्ट्झचा झोत साधारण पावणेदोन अंश रुंद असतो. रेघा त्याच्या निम्म्याहून दाट असतील तर थोड्या काढल्याने माहिती फारशी जात नाही. त्यापलीकडे गेलात की ठिपके आडवे ताणलेले दिसतात आणि आडव्या दिशेचे ट्रॅकिंग ढासळते.

खोली कमी करताना एक भूत भेटू शकते. आधीच्या पल्सचा खोलवरून उशिरा आलेला प्रतिध्वनी पुढच्या पल्सच्या चित्रात उथळ जागी उमटतो. व्हेंट्रिकलमध्ये गुठळीसारखे काही दिसले आणि खोली एक-दोन सेंमीने बदलताच ते सरकले किंवा नाहीसे झाले, तर तो उशिराचा प्रतिध्वनी समजावा.

एका पल्समधून अनेक रेघा

यापुढची उडी यंत्राच्या आतल्या बांधणीवर अवलंबून असते. पहिली युक्ती म्हणजे पल्स थोडी रुंद सोडायची आणि परतीच्या आवाजातून एकाच वेळी दोन, चार किंवा अधिक रेघा रचायच्या. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने ही कल्पना १९८४ मध्ये मांडली होती आणि आज ती बहुतेक यंत्रांत मुकाट्याने चालू असते. रेघांचे गट नीट जुळले नाहीत की चित्रात उभे पट्टे दिसतात. भिंतीची कडा पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागली की हा आकडा एक पायरी खाली आणा.

दुसरी युक्ती एकाच क्षणी वेगवेगळ्या दिशांना अनेक केंद्रित झोत सोडण्याची. केंद्रित असल्याने आवाजाचा जोर टिकतो, हा मोठा फायदा. पण एका झोताचा प्रतिध्वनी दुसऱ्याच्या रेघेत घुसतो. पेरिकार्डियमसारख्या (हृदयाच्या बाह्य आवरणासारख्या) चकचकीत थराची फिकट प्रतिमा रक्ताच्या जागेत दिसते ती यामुळेच.

तिसरी युक्ती सर्वांत वेगवान: पंख्यासारखी फाकणारी लहर, म्हणजे डायव्हर्जिंग वेव्ह. झोत केंद्रित करायचाच नाही. प्रोबच्या मागे एक काल्पनिक उगमबिंदू धरून सगळे घटक अशा विलंबाने वाजवायचे की जणू लहर तिथूनच निघाली. ६४ घटक, ०.३ मिमी अंतर, म्हणजे सुमारे २० मिमी रुंदी असलेल्या प्रोबसाठी ९० अंशांचा पंखा हवा तर उगमबिंदू १० मिमी मागे ठेवावा. ६० अंश पुरत असतील तर १७ मिमी. पंखा गरजेपेक्षा रुंद ठेवू नका, कारण तोच आवाज जास्त जागेत पातळ होतो.

एका लहरीत संपूर्ण चित्र मिळते खरे, पण ते धुरकट असते. म्हणून उगमबिंदू डावीकडून उजवीकडे सरकवत अनेक लहरी सोडतात आणि त्यांचे संकेत फेजसकट (लहरीच्या चढउताराच्या स्थितीसह) बेरजेत घेतात. १२ सेंमीला ५ लहरींची बेरीज केली तर सेकंदाला सुमारे १२८० फ्रेम, ९ लहरींना ७१०, १५ लहरींना ४२५ च्या आसपास. चित्र लहरींगणिक सुधारत जाते.

हृदय मात्र त्या वेळात थांबून राहत नाही. १५ लहरी सोडायला २.३ मिलिसेकंद लागतात. डायस्टोलच्या (हृदय सैलावण्याच्या) सुरुवातीला भिंत सेकंदाला १० सेंमी वेगाने सरकत असेल तर तेवढ्यात ती ०.२३ मिमी जाते. ध्वनीला जाण्यायेण्याचा फरक ०.४६ मिमी पडतो, आणि २.५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी आहे ०.६२ मिमी. म्हणजे पाऊण तरंगलांबीचा घोळ. पहिली आणि शेवटची लहर एकमेकींना मदत करण्याऐवजी खोडून काढतात, आणि भिंत नेमकी सर्वांत वेगाने हलते त्याच क्षणी काळवंडते. चित्र सिस्टोलच्या (आकुंचनाच्या) शेवटी छान आणि लगेच पुढे अंधुक, असे दिसले तर गेन (चित्राचा उजळपणा) वाढवून उपयोग नाही.

यावर दोन उपाय आहेत. लहरींची संख्या ५ वर आणा. मग घोळ पाव तरंगलांबीपर्यंत उतरतो आणि बेरीज टिकते. किंवा सोय असेल तर हालचालीची दुरुस्ती चालू करा: यंत्र लागोपाठच्या लहरींतून डॉप्लरने (प्रतिध्वनीतल्या बदलावरून वेग ओळखण्याच्या पद्धतीने) भिंतीचा वेग काढते आणि बेरजेआधी तेवढी फेज वळवून घेते. त्यासाठी उगमबिंदू एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे आणि पुन्हा मागे, असा त्रिकोणी क्रमाने फिरवावा. एकाच दिशेने फिरवल्यास कोनामुळे आलेला फेजचा फरक आणि हालचालीमुळे आलेला फरक वेगळे काढता येत नाहीत.

मुलांचा इको

मुलांत खोली कमी, बरगड्यांचा अडथळा कमी, बरगड्यांखालून, यकृतामधून मिळणारी खिडकी उत्तम. त्यामुळे वेग सहज मिळतो. पण तरंगलांबी लहान झाल्याने वरचा हिशेब इथे जास्त बोचतो. ६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.२६ मिमी असते. ८ सेंमी खोलीला ९ लहरी ०.९४ मिलिसेकंदांत उरकतात, तरी सेकंदाला ८ सेंमी वेगाची भिंत तेवढ्यात अर्ध्या तरंगलांबीहून मोठा घोळ घालते. मुलांत ३ ते ५ लहरी ठेवाव्यात, नाहीतर हालचालीची दुरुस्ती अनिवार्य समजावी.

प्रोब नवजातासाठी ८ ते १२ मेगाहर्ट्झचा, थोड्या मोठ्या मुलासाठी ५ ते ८ चा. ऊती दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला सुमारे अर्धा डेसिबल आवाज गिळतात. ६ सेंमीवर ६ मेगाहर्ट्झने जाऊन येताना ३६ डेसिबल जातात, ते परवडते. प्रौढात १२ सेंमीवर २.५ मेगाहर्ट्झला ३० जातात. तिथेच ५ मेगाहर्ट्झ वापरले तर ६०, आणि चित्र गोंगाटात बुडते.

बाळाच्या बाबतीत वेळ वाया घालवू नये. दूध पिऊन शांत झालेले बाळ, कोमट जेल आणि आधीच लावलेला ईसीजी, एवढी तयारी झाल्यावरच खोली आणि सेक्टर ठरवावेत. रेकॉर्डिंग एक-दीड सेकंदाचे पुरते. त्यात तीन ठोके येतात. कमी दिवसांच्या बाळाच्या छातीवर प्रोब टेकवायचा, दाबायचा नाही. दाबाने छाती आणि हृदय दोन्ही दबतात. बाळ रडत असताना घेतलेला आकडा नोंदवू नये, आणि शांत करण्यासाठी औषध दिले असेल तर तेही लिहावे, कारण ठोके आणि रक्तदाब दोन्ही बदललेले असतात.

मुलांत या तंत्राचा सर्वांत देखणा उपयोग म्हणजे रक्ताच्या ठिपक्यांचा थेट मागोवा, ब्लड स्पेकल इमेजिंग. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या गटाने त्यावर मोठे काम केले आहे. रंगीत डॉप्लरला झोताच्या दिशेतलाच वेग कळतो. इथे ठिपके दोन्ही दिशांना धरले जातात, त्यामुळे भोवरे आणि सेप्टममधल्या छिद्रातून तिरपा जाणारा प्रवाह जसा आहे तसा दिसतो. रक्ताचा प्रतिध्वनी फारच क्षीण असतो, पण वारंवारता वाढली की तो झपाट्याने वाढतो. म्हणून हे तंत्र उच्च वारंवारतेच्या प्रोबवर, ८-१० सेंमीच्या आत चालते. चित्रात बाणांऐवजी डाग दिसत असतील तर आधी वॉल फिल्टर (भिंतीची संथ हालचाल गाळून टाकणारा) पाहा. तो सैल असेल तर भिंतीची हालचाल रक्त म्हणून मोजली जाते. फार कडक असेल तर संथ प्रवाह पुसला जातो.

मोठ्यांचा इको

इथे अडचण वेगाची नसून आवाजाच्या जोराची आहे. बरगड्यांमधल्या फटीतून २० मिमीचा प्रोब पूर्ण बसतोच असे नाही. केंद्रित झोतात काही घटक झाकले गेले तरी चित्र तग धरते. फाकणाऱ्या लहरीत मात्र पंख्याची एक बाजूच उजळत नाही. चित्राची डावी किंवा उजवी पाकळी सतत काळी दिसत असेल तर प्रोब फटीच्या दिशेने किंचित फिरवा. रुग्ण डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, आणि रेकॉर्डिंग श्वास सोडून रोखल्यावर. पूर्ण श्वास घेऊन रोखला तर फुप्फुस मध्ये येते.

हार्मोनिक (सोडलेल्या वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेचा प्रतिध्वनी) चालू ठेवावे का? केंद्रित झोतात होय. डायव्हर्जिंग वेव्हमध्ये दाब इतका कमी असतो की हार्मोनिक क्षीण बनतात, आणि पल्स इन्व्हर्जनने (एक सुलटी, एक उलटी लहर सोडून) घ्यायचे म्हटले तर प्रत्येक लहर दोनदा सोडावी लागते, म्हणजे फ्रेम निम्मे. चरबी जास्त असलेल्या रुग्णात ५०० फ्रेमच्या गढूळ चित्रापेक्षा १५० फ्रेमचे अरुंद, केंद्रित, हार्मोनिक चित्र कितीतरी उपयोगी पडते.

प्रौढात रक्ताचा प्रवाह पाहायचा तर सूक्ष्म बुडबुड्यांचे कॉन्ट्रास्ट लागते. मात्रा नेहमीपेक्षा कमी ठेवावी, कारण दाट बुडबुडे खालच्या भागावर सावली टाकतात. मेकॅनिकल इंडेक्स (आवाजाच्या दाबाचा यांत्रिक परिणाम दाखवणारा आकडा) ०.१ च्या आसपास किंवा खाली. सेकंदाला हजारो लहरी एकाच जागी आदळत असल्याने त्याहून जास्त दाबाला बुडबुडे भराभर फुटतात. सेकंदाला १ मीटर वेगाचे रक्त ५० फ्रेमला दोन चित्रांत २ सेंमी पुढे गेलेले असते. १००० फ्रेमला फक्त १ मिमी, आणि तेव्हाच त्याचा माग काढता येतो.

शिअर वेव्हचा वेग मोजणे

झडप धाडकन मिटते तेव्हा सेप्टमला धक्का बसतो आणि एक आडवी लहर स्नायूतून धावते. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाच्या हिरोशी कानाई यांनी ती मोजण्याचा पाया घातला. स्नायू जितका ताठ, तितकी लहर वेगवान.

पॅरास्टर्नल लाँग अ‍ॅक्सिस (छातीच्या हाडाशेजारून, हृदयाच्या लांबीतले) दृश्य घ्या. सेप्टम शक्य तितका आडवा ठेवा, म्हणजे त्याची हालचाल झोताच्या दिशेत येईल. १००० फ्रेम, एक-दोन सेकंद, ईसीजीसकट. फेजवरून ऊतीचा वेग काढताना मर्यादा लक्षात ठेवा: २.५ मेगाहर्ट्झ आणि १००० फ्रेमला ती सेकंदाला १५.४ सेंमी आहे, ५०० फ्रेमला ७.७. मुलांत ५ मेगाहर्ट्झला १००० फ्रेम घेऊनही ७.७ च मिळते. त्यापुढे वेग उलट्या चिन्हाने दिसतो.

मग सेप्टमच्या मध्यातून, त्याच्या बाकासह, रेघ ओढा. त्या रेघेवरचा वेग काळासमोर मांडा, वेगावरून त्वरण काढा आणि १५ ते १०० हर्ट्झचा फिल्टर लावा. हृदयाची संथ हालचाल निघून जाते आणि तिरपा पट्टा उरतो. त्याचा उतार म्हणजे लहरीचा वेग. मायट्रल झडपेची लहर ईसीजीतल्या क्यूआरएसच्या (टोकदार खुणेच्या) जवळ, एओर्टिक झडपेची टी लहरीच्या (त्यानंतरच्या उंचवट्याच्या) शेवटी शोधा. तीन ते पाच ठोक्यांत मोजून मधला आकडा घ्या.

लहर रेघेला तिरपी छेदत असेल तर वेग खऱ्यापेक्षा जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. त्यामुळे एखाद्याच ठोक्यात अवास्तव मोठा आकडा आला तर स्नायूवर खापर फोडण्याआधी प्रतल तपासा. मायट्रल झडपेनंतरचा वेग व्हेंट्रिकल किती भरला आहे यावरही बदलतो, म्हणून शेजारी रक्तदाब आणि ठोके लिहिणे आवश्यक.

उष्णता आणि साठवण

फाकणाऱ्या लहरीत मेकॅनिकल इंडेक्स कमी असतो म्हणून निर्धास्त राहू नये. १.९ ही त्याची वरची मर्यादा. पण पल्स अखंड चालल्याने थर्मल इंडेक्स (ऊती तापण्याची शक्यता दाखवणारा आकडा) आणि प्रोबचे तापमान चढते. त्वचेला लागणारा पृष्ठभाग ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, हा नियम नवजातात तर विशेष. जागा साध्या मोडमध्ये शोधा, जलद मोड रेकॉर्डिंगपुरता चालू करा, लगेच फ्रीझ करा.

कच्चा विदा (डेटा) प्रचंड असतो. १५ सेंमी खोली, ६४ घटक, १० मेगाहर्ट्झने दोन-दोन बाइटचे नमुने: एका पल्सला २५० किलोबाइट, सेकंदाला सव्वा गिगाबाइट. म्हणून बरीच यंत्रे रचलेल्या रेघाच साठवतात. पण तेही नीट साठवले गेले का, हे रुग्ण टेबलावर असतानाच तपासा. अनेक यंत्रे डायकॉम (वैद्यकीय चित्रांचे सर्वसामान्य फॉरमॅट) क्लिप बाहेर पाठवताना ती सेकंदाला ३० फ्रेमवर आणतात. मूळ फ्रेम फक्त यंत्राच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये राहतात. पडदाही सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. काही यंत्रे वेगवेगळ्या ठोक्यांतले तुकडे जोडूनही मोठा फ्रेमरेट दाखवतात; ठोके अनियमित असतील तर ते जोड फसवे.

तपासणी सोपी आहे. साठवलेली फाइल उघडा आणि ईसीजीतल्या एका आर-लहरीपासून (क्यूआरएसच्या टोकापासून) पुढच्या आर-लहरीपर्यंतचे फ्रेम मोजा. ८०० मिलिसेकंदांच्या ठोक्यात ५०० फ्रेमच्या वेगाने ४०० चित्रे सापडली पाहिजेत. २४ सापडली तर निर्यातीचे सेटिंग बदला आणि जेल पुसण्याआधी पुन्हा रेकॉर्ड करा.